विश्लेषण : उघडा कातळ म्हणजे पडीक जमीन का नव्हे?

सातारा-सांगलीच्या डोंगरमाथ्यावरील सडे जागतिक वारशाच्या यादीपर्यंत पोहोचले. सरकारी कागदावर मात्र ते अजूनही ‘पोटखराब’च आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर घातली. त्यात सातारा जिल्ह्यातील पाचगणी आणि महाबळेश्वर येथील दख्खनच्या लाव्हा थरांचा समावेश आहे. त्याआधी २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा महाराष्ट्रातून कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य यांची निवड झाली होती. राधानगरी वगळता बाकीची तिन्ही ठिकाणे सातारा-सांगलीच्या डोंगररांगेतील आहेत. जगाच्या नकाशावर या कातळाला मान मिळत असताना गावपातळीवर मात्र त्याच्याकडे रिकामी जागा म्हणूनच पाहिले जाते. हा विरोधाभास का निर्माण झाला आणि त्याची किंमत कोण मोजतो?

हा कातळ आला कुठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि पाण्यासारखा पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा येई. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर असून पश्चिम घाटात त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात जाते. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटातून समोरच्या डोंगराकडे पाहिले, तर हे नाव का पडले ते समजते. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा पायऱ्यांनी डोंगर उभा असतो. घट्ट थराचा कडा होतो आणि ठिसूळ थराचा उतार.

भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडले आणि त्यांना इथल्याच गावांची, घाटांची नावे दिली. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे थर ‘वाई उपगट’ या नावाखाली येतात. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची उलटापालट, डायनोसॉरचा अंत आणि त्या काळातील हवामानबदल यांच्या अभ्यासात हे थर वाचले जातात. मेक्सिकोजवळ आदळलेली उल्का एकटीच त्या महासंहाराला जबाबदार होती, की दख्खनच्या ज्वालामुखीचाही त्यात वाटा होता, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या वादातला एक मोठा साक्षीदार वाई-महाबळेश्वरच्या घाटरस्त्यावर उघडा पडलेला आहे. एसटीच्या खिडकीतून तो रोज दिसतो, पण तो काय आहे हे सांगणारी मराठी पाटी क्वचितच आढळते.

मग टेबललँड आणि सडे कसे तयार झाले?

काळ्या कातळावर लाखो वर्षे उष्ण आणि दमट हवामानात पाऊस पडत राहिला. पाण्याने खडकातील सिलिका वाहून नेली; लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यातून तयार झाला तो लालसर, भोकाभोकांचा जांभा. तो तयार होण्यासाठी जमीन सपाट असावी लागते. याचा अर्थ असा, की आज एकमेकांपासून तुटलेली पाचगणीची टेबललँड, महाबळेश्वरचा माथा आणि कासचे पठार हे कधीकाळच्या एका विस्तीर्ण सपाट भूमीचे तुकडे असावेत. कृष्णा, वेण्णा, कोयना यांनी मधली जमीन कापून नेली. जांभ्याची टणक टोपी जिथे टिकली, तिथे माथा टिकला.

त्यामुळे टेबललँड म्हणजे वर उचलली गेलेली जमीन नव्हे. आजूबाजूचे सगळे झिजून गेल्यावर जे उरले, ते हे पठार. तिच्या कडेवरून खाली धोम धरणाचे पाणी दिसते. तेवढी खोली नदीने कोरून काढलेली आहे.

स्थानिक बोलीत अशा उघड्या कातळमाथ्याला ‘सडा’ म्हणतात. चांदोलीतील झोळंबीचा सडा हे त्याचे ठळक उदाहरण. भोवती दाट जंगल आणि मधोमध झाडाविना पसरलेला कातळ, हे दृश्य पाहून पहिल्यांदा येणाऱ्याला इथे जंगलतोड झाली असावी असे वाटते. पण झाड नसणे हाच सड्याचा मूळ स्वभाव आहे. मातीचा थर काही ठिकाणी बोटभर, तर काही ठिकाणी तेवढाही नसतो. मुळांना धरायला जागाच नसेल, तर झाड उभे राहणार कसे?

सड्याला ‘हंगामी वाळवंट’ का म्हणावे?

जून ते सप्टेंबर सड्यावर पाणीच पाणी असते. पावसाळा सरला की तेच पठार काही आठवड्यांत कोरडे पडते. उन्हाळ्यात कातळ तापतो, वारा उरलीसुरली ओल घेऊन जातो आणि सावलीला झुडूपही नसते. चार महिने दलदल आणि बाकीचे महिने वाळवंट अशा दोन टोकांना तोंड देऊ शकणारे जीवच इथे टिकतात. बहुतेक वनस्पती कोरडा काळ बीज किंवा कंदाच्या रूपात काढतात आणि पहिल्या पावसानंतर घाईने फुलतात. कासचा प्रसिद्ध फुलोरा ही त्या घाईचीच परिणती आहे.

कातळावर पोषणद्रव्ये कमी, म्हणून काही वनस्पतींनी कीटक खाण्याचा मार्ग धरला. दवबिंदू आणि ‘सीतेची आसवं’ या नाजूक दिसणाऱ्या वनस्पती कीटकभक्षी आहेत. डबक्यांत उगवणारा वायतुरा हा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दुहेरी तुऱ्यामुळे ओळखला जातो. १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या वनस्पतीच्या लॅटिन नावातच सातारा आहे. चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ मध्ये वर्णन झालेली एक छोटी पालही साताऱ्याचे नाव मिरवते. तिचा आसरा म्हणजे सड्यावर पडलेले सुटे दगड. फोटोसाठी किंवा दगडांचे मनोरे रचण्यासाठी पर्यटक जो दगड सहज उचलतात, तो तिच्या घराचे छप्पर असू शकतो.

वाळवंटातील खडक पाहायला जग अमेरिकेतील युटा राज्यात जाते. तिथल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात वालुकाश्माच्या दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. पण तिथे पर्यटकाला सर्वाधिक बजावले जाते ते कमानींबद्दल नव्हे, तर पायाखालच्या मातीबद्दल. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफुलांनी तयार झालेली मातीची पातळ साय एका पावलाने मोडते आणि भरून यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून मळलेल्या वाटेने किंवा उघड्या खडकावरून चालावे, मातीवर पाय देऊ नये, असा तिथला दंडक आहे. गर्दी आवरण्यासाठी २०२२ पासून तिथे वेळ ठरवून प्रवेश देण्याची पद्धतही वापरली गेली. कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला पर्यटकांची मर्यादा आली, ती याच जातीच्या गरजेतून. दगड कणखर असला, तरी त्याच्यावरचे जग कमालीचे नाजूक असते, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

याचा सांगली आणि दुष्काळी पट्ट्याशी काय संबंध?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात आणि शेजारच्या आटपाडी, जत भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. खाली खडक तोच, लाव्हाही त्याच काळातला. पण पश्चिमेला त्याच्यावर जांभ्याची टोपी आली आणि पूर्वेला तो मुरूम, गोटे आणि माळरान होऊन उघडा पडला. पूर्वेकडच्या माळावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटणारे गोल गोटे दिसतात. काळ्या कातळाच्या ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोलावत जातो, त्याचा हा परिणाम. सपाट माथ्याचे, उभ्या कड्याचे डोंगरही याच झिजेतून उरले. अजिंक्यतारा, वर्धनगड, महिमानगड, बाणूरगड बांधणाऱ्यांनी तटाचे निम्मे काम निसर्गाकडून करून घेतले. वाईजवळच्या कमळगडावरील गेरूच्या विहिरीत पायऱ्यांनी उतरता येते. तिथे माणूस प्रत्यक्ष लाल थराच्या पोटात उभा राहतो.

संबंध केवळ दगडाचा नाही, पाण्याचाही आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून आत मुरते, खाली मऊ चिकण थराला किंवा घट्ट कातळाला टेकते आणि पठाराच्या कडेने झऱ्याच्या रूपात बाहेर पडते. क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यामागे हेच भूशास्त्र आहे. ब्रिटिश काळात बांधलेला कास तलाव आजही सातारा शहराची तहान भागवतो. कृष्णा, कोयना आणि वारणा या तिन्ही नद्या याच डोंगरातून निघतात. कोयना कराडला कृष्णेला मिळते, तर वारणा सांगलीजवळ हरिपूरला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे चढवले जाते.

धरणे भरतात ती मुख्यतः पावसाळ्यातील थेट वाहत्या पाण्याने, हे खरे. पण डोंगरातील वाड्यावस्त्या आणि ओढे उन्हाळ्यात जगतात ते झऱ्यांवर. माथ्यावरचा जांभा खणला, त्यावर भराव टाकला किंवा काँक्रीट ओतले, तर पाणी मुरण्याची जागा आणि झऱ्याची वाट दोन्ही बिघडतात. त्याचा फटका आधी पठाराखालच्या गावाला बसतो. जतच्या शेतकऱ्याला झोळंबीचा सडा कधी पाहायला मिळणार नाही. तरी त्याच्या पाण्याच्या प्रवासाची सुरुवात त्याच डोंगररांगेत होते.

‘पडीक’ म्हटल्याने नेमके काय बिघडते?

महसुली दप्तरात लागवडीला अयोग्य क्षेत्राला पोटखराब म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही ‘खडकाळ, नापीक’ असा एक वर्ग आहे. शेतसाऱ्याच्या हिशेबापुरता हा शब्द चूक नव्हता; जिथे पीक येत नाही, तिथे सारा लावता येत नाही. पण पुढे हाच शब्द नियोजनाची भाषा बनला. पीक नाही, झाड नाही, वस्ती नाही, म्हणजे इथे काहीच नाही, असा निष्कर्ष काढला गेला. मग पवनचक्की, खाण, रिसॉर्ट, रस्ता किंवा वृक्षारोपण, जे काही करायचे त्यासाठी पहिली नजर सड्यावर जाऊ लागली.

पवनचक्क्यांचे उदाहरण बोलके आहे. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या उभ्या राहू लागल्या. स्वच्छ ऊर्जेची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात चाळकेवाडी परिसरातील अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळपास चौपट कमी आढळली. भक्षक घटल्याने गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वागण्यात, शरीरातही फरक दिसला. ‘तिथे काहीच नाही’ म्हणून निवडलेल्या जागेवर संपूर्ण अन्नसाखळी होती. त्या सरड्याच्या प्रजातीसमूहाचे शास्त्रीय नावही मराठी ‘सरडा’ शब्दावरूनच घेतले आहे. जी भाषा हे नाव देऊ शकते, तिच्या दप्तरात त्याच्या घराला मात्र नाव नाही.

मग डोंगर उघडे बोडके ठेवायचे का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सांगली जिल्ह्यातच मिळते. देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वरचे उजाड डोंगर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने आणि लोकांच्या श्रमाने हिरवे झाले. सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. साताऱ्यात कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत अव्वल क्रमांक मिळवला, तो डोंगरउतारांवर आणि शिवारात केलेल्या जलसंधारणाच्या कामांमुळे. ही दोन्ही कामे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावीत अशीच आहेत.

पण सागरेश्वरचा डोंगर आणि कासचा सडा यांच्यात मूलभूत फरक आहे. तोड आणि चराईमुळे उजाड झालेल्या, मुरमाच्या उतारावर समतल चर खणले तर पाणी मुरते, रोप तग धरते. जन्मापासूनच उघड्या असलेल्या जांभ्याच्या माथ्यावर तोच चर खणला, तर हजारो वर्षांत जमलेली मूठभर माती उपसली जाते आणि रोपही जगत नाही. एकीकडे जखम भरून काढायची आहे. दुसरीकडे निरोगी अंगावर शस्त्रक्रिया होते. ‘उघडा डोंगर दिसला की झाडे लावा’ हा सरसकट नियम म्हणूनच धोक्याचा आहे. दोन्हींतला फरक ओळखणे ही पहिली पायरी, आणि तीच आज बहुतेक योजनांत गाळली जाते.

युनेस्कोच्या यादीने संरक्षण मिळेल का?

आपोआप नाही. संभाव्य यादी म्हणजे पुढे नामांकन करता यावे यासाठीची पूर्वअट. त्यात नाव आल्यानंतर किमान एक वर्षाने प्रस्ताव पाठवता येतो. या नोंदीने पर्यटकांचा ओघ वाढेल, कायद्याचे कवच मिळणार नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तरी बांधकामाचा रेटा किती थोपला, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. भू-वारसा स्थळांसाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. तो कायद्यात उतरलेला नाही. वाघासाठी, वनासाठी, पुरातन मंदिरासाठी देशात कायदे आहेत. साडेसहा कोटी वर्षांच्या दगडासाठी मात्र स्वतंत्र कायदा नाही.

चांदोलीचा सडा राष्ट्रीय उद्यानात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असल्याने सुरक्षित राहिला. खरा प्रश्न वनहद्दीबाहेरच्या, खासगी आणि गायरान सड्यांचा आहे. तिथे सौदा झाला की दुसऱ्या दिवशी जेसीबी चढू शकतो.

काय करता येईल?

पहिले काम कागदावरचे. महसूल नोंदीत सड्याला पोटखराबाहून वेगळी, स्वतःची ओळख द्यावी. अशी नोंद असेल, तर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला निदान थांबून विचार करावा लागेल. दुसरे, पठारावरील कोणत्याही प्रकल्पाची पाहणी पावसाळ्यात सक्तीची करावी. मे महिन्यात सड्यावर गेलेल्या पाहणी पथकाला तापलेल्या दगडाशिवाय काही दिसणार नाही आणि तो अहवालात तसेच लिहिणार. तिसरे, रोजगार हमी आणि वनीकरणाच्या आराखड्यांत चर व रोपांसाठी जागा निवडताना मुरमाचा उतार आणि जांभ्याचा माथा यांत फरक करावा.

चौथे, गावाला वाटा मिळावा. सडा राखण्याचे ओझे स्थानिकांनी वाहायचे आणि उत्पन्न बाहेरच्या हॉटेलमालकाने न्यायचे, ही व्यवस्था टिकत नाही. कासला प्रवेश शुल्काच्या रकमेतून लगतच्या गावांच्या समित्यांना काम मिळते. त्या व्यवस्थेत उणिवा आहेत, पण दिशा योग्य आहे. पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाल्यांचे पोट आहे. त्यांना हुसकावण्यापेक्षा ठरावीक वाटा आखून देणे आणि त्यांच्यातूनच दगडाची गोष्ट सांगणारे वाटाडे तयार करणे अधिक शहाणपणाचे. पाचवे, पसरणी आणि आंबेनळी घाटात ठळक थरांजवळ, गाडी सुरक्षित थांबवता येईल अशा जागी मराठी फलक लावावेत. वाईच्या शाळेतील मुलीला तिच्या गावाचे नाव जगाच्या भूशास्त्रात का घेतले जाते, हे कळले तर तो कातळ राखायला वेगळा पहारा कमी लागेल.

पर्यटकानेही तीन गोष्टी पाळल्या तरी पुरेसे आहे : मळलेली वाट सोडू नये, गाडी पठारावर घालू नये, दगड जागचा हलवू नये.

तोडलेले झाड पुन्हा लावता येते, आटलेला तलाव पुन्हा भरतो. खणून नेलेला सडा मात्र पुन्हा तयार होत नाही. त्याला लागणारी लाखो वर्षे कोणत्याही सरकारकडे नाहीत. युनेस्कोकडे प्रस्ताव जाईल तेव्हा जाईल. त्याआधी तलाठ्याच्या दप्तरातला एक शब्द बदलणे महाराष्ट्राच्या हातात आहे.